प्लॉट दाखवतो तो दलाल, भाव काढायचा तुम्ही: विदर्भात तालुक्याच्या गावी जागा घेणाऱ्यांसाठी

बदली होऊन आलेले गुरुजी, बँकेतला नवा कॅशिअर, पोरांच्या शाळेपायी खेड्यातून तालुक्याला येणारं कुटुंब, पुण्यात नोकरी करून 'गावाजवळ एक घर असावं' म्हणणारा मुलगा, या सगळ्यांची सुरुवात एकाच जागी होते. तहसीलसमोरच्या टपरीवर 'एखादा प्लॉट असेल तर सांगा' असं म्हटलं की संध्याकाळपर्यंत फोन येतो. 'भाऊ, एक नंबर जागा आहे. काल एक पार्टी येऊन गेली, उद्या टोकन देते म्हणे.'

ती काल आलेली पार्टी कुणीच पाहिलेली नसते. पण दलालांना शिव्या घालायला हा लेख लिहिलेला नाही. खेड्यात कोणाचं वावर विकायला निघालं, कोणत्या भावांत वाटणीचं भांडण आहे, हे पटवाऱ्याच्या आधी दलालाला कळतं. त्याची ती माहिती घ्या. भाव आणि कागद मात्र स्वतःच काढा. ते कसे काढायचे, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: समोरचा माणूस कोण, ते विचारा

२०१६ च्या रेरा कायद्याने (घर आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा कायदा) एजंटला नोंदणी सक्तीची केली, आणि महाराष्ट्रात तो राबवणाऱ्या महारेराचं काम १ मे २०१७ ला सुरू झालं. २०२३ पासून एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणी नसताना प्रकल्पातला प्लॉट विकून दिला तर रोजचे १०,००० रुपये, आणि वाढत वाढत प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटचा नोंदणी क्रमांक 'ए'ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतात.

ग्यानबाची मेख पुढे आहे. ही सक्ती फक्त रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीला आहे. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर लेआउट पाडून विकायचा असेल तर प्रकल्प नोंदवावा लागतो. शेतजमीन, कुणाचा जुना प्लॉट, गावठाणातलं पडकं घर यांचा सौदा लावून देणाऱ्याला कुठलाच परवाना लागत नाही. तालुक्याच्या गावात होणारे सौदे बहुतांशी याच प्रकारचे. म्हणून इथे किराणावाला दलाल असतो, माजी सरपंच असतो, अर्जनवीस असतो, सुट्टीच्या दिवशी मास्तरही असतो. फसवणूक झाली तर पोलीस ठाणं आणि दिवाणी न्यायालय आहेच, पण दलाल म्हणून त्याला जाब विचारणारं कार्यालय नाही.

तेव्हा पहिला प्रश्न 'रेट काय' हा विचारू नका. 'जागा लेआउटातली आहे की शेतातली? लेआउटातली असेल तर रेरा नंबर द्या' असं विचारा. उत्तर म्हणून 'आपल्याकडे ते रेराबिरा चालत नाही' असं आलं, तर सगळी तपासणी तुमच्याच डोक्यावर आहे हे समजा.

पायरी २: भाव कसा चढतो ते कागदावर मांडून पाहा

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच नागवला जातो, आणि गावाचा घरबाजारही इथेच बिघडतो.

समजा, गावाला लागून एका शेतकऱ्याचं एक एकर आहे. पहिला दलाल त्याला ३० लाखांत सौदा ठरवून दोन लाखांचा इसार (बयाणा) देतो, मुदत सहा महिन्यांची. ती जमीन त्याला घ्यायचीच नसते. तो नुसता इसाराचा कागदच दुसऱ्याला ३६ लाखांच्या भावाने फिरवतो. दुसरा लेआउटवाल्याला ४५ लाखांना देतो. रजिस्ट्री थेट शेतकरी ते लेआउटवाला अशी लागते, मधल्या दोघांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. शेतकऱ्याला ३० च मिळतात. वरचे १५ लाख बहुधा रोखीने वाटले जातात.

आता हिशोब करा. एकरात ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडून विकायला समजा ५५ टक्के उरले, म्हणजे साधारण २३,९५८ चौरस फूट. शेतकऱ्याच्या भावाने कच्च्या जमिनीचा खर्च १२५ रुपये फूट पडला असता, साखळीमुळे तो १८८ वर गेला. दीड हजार फुटांच्या प्लॉटमागे जवळपास ९४ हजार रुपये फक्त कागद हातोहात फिरल्याचे. त्यात मुरूम, नाली, वीज काहीच आलं नाही. शेवटच्या सौद्यातली दलाली वेगळीच.

हे एका लेआउटपुरतं थांबत नाही. शेजारच्या धुऱ्यावरचा शेतकरी '४५ ला गेलं' एवढंच ऐकतो आणि त्याखाली बोलायला तयार होत नाही. महामार्गाची नुसती बातमी आली तरी हेच. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला; त्याच्या वाटेवर कारंजा, मेहकर, धामणगाव या बाजूंना 'इंटरचेंजपासून पाच मिनिटं' हा दलालाचा मंत्रच झाला. पवनारहून निघणाऱ्या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाच्या रेषाही व्हॉट्सअॅपवर फिरतात, ज्याला जिथे जमीन विकायची तिथून.

मोठ्या शहराने हा प्रकार आधी भोगला आहे. नागपुरात शेतजमिनींवर मंजुरीविना पडलेले लेआउट इतके झाले की '५७२' आणि '१९००' हे आकडेच लेआउटांची नावं बनले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित करण्याचं काम नागपूर सुधार प्रन्यासाकडे आलं. लोकांनी प्लॉटचे पैसे दिले, आणि मग रस्ता, गडर (सांडपाण्याची लाइन), पाण्याची लाइन यांच्यासाठी विकास शुल्क भरून पुन्हा वाट पाहिली. आता तोच नमुना तालुक्याच्या गावांत उतरला आहे, फरक इतकाच की इथे सुधार प्रन्यास नाही, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत आहे, आणि तिच्याकडे पैसा नाही.

परिणाम डोळ्यांना दिसतात. गावाबाहेर सिमेंटचे खांब आणि मुरमाचे रस्ते, आणि आत गवत. प्लॉट विकले गेलेत, घरं नाहीत; घेणारे नागपूर-अमरावतीला बसून भाव वाढायची वाट पाहतात. ज्याला खरंच राहायचंय तो भाड्याने राहतो. भूमिहीन घरकुल लाभार्थ्याला जागा घ्यायला सरकार ५०० चौरस फुटांपर्यंत जास्तीत जास्त एक लाख रुपये देतं, म्हणजे फुटाला २०० रुपये. गावाच्या कडेला भाव ३०० झाला की ती योजना कागदावरच राहिली.

मग खरा भाव कसा काढायचा? नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाकून झालेल्या खरेद्यांची 'सूची दोन' (इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) पाहा. शेजारचे दोन-तीन नंबरही टाका. त्याच विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर मिळतो. सूचीतला आकडा रोखीमुळे कमी दाखवलेला असू शकतो, म्हणून त्यावरच विसंबू नका. एखाद्या आडवारी, दलालाला न घेता, त्या लेआउटात ज्याने घर बांधलंय त्याच्या दारात जा. विदर्भातला माणूस चहा पाजल्याशिवाय सोडत नाही आणि किती दिले तेही सांगतो. जमलं तर मूळ शेतकऱ्याला गाठा. त्याला किती मिळाले आणि तुम्हाला किती सांगितले, या दोन आकड्यांतलं अंतर हाच तुमचा घासाघीस करायचा वाव.

पायरी ३: सातबारा काढा, आणि 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा

सातबारा महाभूलेखवर मिळतो; व्यवहारासाठी डिजिटल सहीचा काढा. दलालाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो पुरावा म्हणून धरू नका. पूर्व विदर्भात कागदावर मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा नंबर असं येईल, वऱ्हाडात सर्व्हे किंवा गट नंबर. शहरी हद्दीत सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका असते. नाव आणि आराजी (क्षेत्रफळ) सगळेच पाहतात. मी म्हणेन, आधी हे पाहा:

भोगवटादार वर्ग २ (अटी घालून दिलेली जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. भूदानाची नोंद असेल तर विषय संपला, ती जमीन कसायला दिलेली आहे, विकायला नाही. विनोबांच्या विदर्भात अशी जमीन गावोगाव आहे, आणि तीही विकू पाहणारे महाभाग भेटतात.

मालक आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे बिगर आदिवासीला विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि त्यासाठी सरकारची पूर्वमान्यता लागते. 'नव्व्याण्णव वर्षांचा करार करू' ही पळवाट सांगणारा दलाल तुम्हाला आणि त्या आदिवासी कुटुंबाला, दोघांनाही खड्ड्यात घालतोय.

नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' ही नोंद शोधा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगल हे वनच आहे असं ठरवलं. 'पट्टा आहे, टॅक्स पावती आहे' म्हणून अशी जागा दाखवली तर घरी परत या.

नुसतीच शेती घेत असाल तर विदर्भाचा कुळकायदा वेगळा आहे, १९५८ चा. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. आणि दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा? ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. २०२५ मध्ये सरकारने ठरावीक तारखेआधीच्या तुकड्यांना सवलत द्यायचं ठरवलं, त्याचा अर्थ दलाल 'आता सगळं खुलं झालं' असा सांगतो. कुठल्या क्षेत्रातला तुकडा आणि कोणत्या तारखेचा व्यवहार, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः विचारा.

सोसायटीचा किंवा जिल्हा बँकेचा बोजा दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो फेडून कमी करता येतो. बहिणींचं मात्र जपा. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. 'बहिणी काही मागत नाहीत, सह्या नंतर घेऊ' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. वारस फेरफार (वारसांची नावं चढवल्याची नोंद) पाहा, प्रत्येक बहिणीची सही खरेदीखतावर किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला प्लॉट पडलेले दिसतात आणि दावा दाखल होतो, हे विदर्भात नवं नाही.

आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही. विकणारा सावकारी करणारा असेल, आणि त्याच्याकडे जमीन कर्जापोटी लिहून घेतलेल्या खरेदीने आली असेल, तर सावध. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली चौकशी होऊन जिल्हा उपनिबंधक असा व्यवहार अवैध ठरवू शकतात आणि जमीन मूळ शेतकऱ्याला परत जाऊ शकते. म्हणून जुने फेरफार वाचा. थोड्या पैशात मोठं वावर एकाच माणसाच्या नावावर वारंवार आलेलं दिसलं तर वकिलाला दाखवा.

पायरी ४: लेआउटचे कागद

दोन मागा: अकृषिक (एनए) आदेश आणि मंजूर नकाशा. नकाशावर तात्पुरती मंजुरी आहे की अंतिम, ते बघा; तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकणं हा आवडता उद्योग आहे. दलालाच्या रंगीत नकाशावर मंदिर, बगीचा, वॉकिंग ट्रॅक असतो. मंजूर नकाशात त्याच जागी मोकळी जागा असते आणि प्रत्यक्षात तिथेही प्लॉट पाडलेला. तुमचा प्लॉट नंबर मंजूर नकाशावर बोट ठेवून शोधा.

'गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, एनएची गरजच नाही' असंही सांगतील. एनएचं काहीही असो, बांधकामाची परवानगी सुटत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद. त्याने मालकी ठरत नाही. नागपूरभोवतीच्या गावांत महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची मंजुरी पाहावी लागते, तिथे सरपंचाच्या सहीवर भागत नाही.

पायरी ५: पावसाळ्यात जागेवर जा

दलाल प्लॉट दाखवतो मार्चमध्ये. तुम्ही जुलैत एकदा जा. आपली काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायव्याचा खर्च त्याप्रमाणे वाढतो, तो भावातून वजा करायचा असतो. जायची वाट मंजूर रस्ता आहे की पांदण (शेतात जायची वाट), हे पाऊस पडल्यावरच कळतं. वरून उच्चदाबाची तार, बाजूला नाला, पूररेषा पाहा. जागेवरचे दगड दलालाने रोवलेलेही असू शकतात, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी मागा. 'क' प्रत (त्या मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्याशिवाय तारेचं कुंपण घालू नका.

पायरी ६: इसार लिहिताना

इसार मूळ मालकाच्या नावाने, त्याच्या बँक खात्यात. दलालाच्या फोन-पेवर एक रुपयाही नाही. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. 'अर्धे व्हाइट, अर्धे ब्लॅक'ला नकार देताना हे कारण सांगायला सोपं पडतं. रेरा प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

इसारपत्रात एक ओळ घाला: 'या मिळकतीबाबत यापूर्वी कोणाशीही इसार, साठेखत (पुढे विकण्याचा करार) किंवा मुखत्यारपत्र केलेले नाही.' सही करताना मालकाचा चेहरा बघा, तो दलालाकडे पाहू लागला तर साखळी मागे आहे. ५०० च्या स्टँपवर नोटरी करून 'कब्जा घ्या, रजिस्ट्री पुढच्या वर्षी' असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा. मुखत्यारपत्र आणि साठेखताने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

पायरी ७: दलाली आधी ठरवा

इकडे एक ते दोन टक्के, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून घेतात. घेऊ द्या, मेहनत आहे त्याची. पण दोन गोष्टी साध्या कागदावर लिहून घ्या: दलाली किती, आणि ती रजिस्ट्रीच्या दिवशी, दस्त झाल्यावरच. इसाराच्या दिवशी दलाली देऊन बसलात की पुढच्या अडचणीत त्याचा फोन 'कव्हरेज क्षेत्राबाहेर'. 'माझी दलाली नको, वरचे माझे' असं म्हणणारा सगळ्यात महाग पडतो. त्याचा अर्थ मालकाचा भाव तुम्हाला कधीच कळू देणार नाही.

पायरी ८: रजिस्ट्रीनंतर

मुद्रांक शुल्क रेडी रेकनर किंवा प्रत्यक्ष किंमत, यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घरी आणायची ती मूळ खरेदीखत आणि सूची दोन. मग फेरफार. नोंद आपोआप सुरू होते, पण हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते ती 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर पाहत राहा. जुना इसारवाला, दुरावलेली बहीण, दुसरा खरेदीदार, कोणीही असेल तर याच पंधरा दिवसांत उगवतो. हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्यासमोरच्या तारखेला स्वतः जा, दलालाला पाठवू नका. नोंद प्रमाणित झाली की नव्या सातबाऱ्याची डिजिटल प्रत काढा, ग्रामपंचायतीत कर आकारणीसाठी अर्ज द्या, आणि लेआउटवाल्याने कबूल केलेली नाली आणि विजेचे खांब बाकी असतील तर तक्रार महारेराकडे करा. प्रकल्प नोंदवलेला नसेल तर ग्राहक आयोगाकडे.